डोक्यातल्या एंट्रीला व्हाउचर मागा : सीबीटी म्हणजे काय आणि ती रोजच्या जगण्यात कशी वापरायची

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे, चौदा वर्षं झाली. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी एका सोमवारी डे-एंडला कॅश दोन हजारांनी कमी आली. स्क्रोल दोनदा तपासला, डिनॉमिनेशन परत लावलं, ड्रॉवर उलटा केला, डस्टबिनसुद्धा उपसला, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा एक पिग्मी एजंट (रोजची बचत दारोदार गोळा करणारा) स्वतःहून आला आणि म्हणाला मॅडम काल कमिशन घेताना पाचशेच्या चार नोटा जादा आल्यात बघा. पैसे जमा, रजिस्टरला नोंद, विषय संपला.

माझा मात्र तिथून सुरू झाला. मी प्रत्येक बंडल पाच-पाच, सहा-सहा वेळा मोजायला लागले, काउंटरपुढं लाइन वाढायची, लोक म्हणायचे ताई आवरा की. घरी येताना रस्त्यात गाडी थांबवून नवऱ्याला फोन, आज टॅली झाली ना हो? आता त्याला काय माहिती, तो बिचारा एमआयडीसीत. रात्री तीनला जाग यायची आणि ड्रॉवरला कुलूप लावल्याचं आठवायचंच नाही. मग दिवाळीच्या आधी महाद्वार रोडला गर्दीत एकदम छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या, घशाशी आवंढा, वाटलं संपलं आता. रिक्षा करून दवाखान्यात, ईसीजी नॉर्मल, "गॅसेस असतील." सासूबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, तेही झालं. असं तीनदा झाल्यावर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. त्यांनी काही महिने गोळ्या दिल्या आणि सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं सीबीटीसाठी जायला सांगितलं. पहिल्या दिवशी मी तोंडाला स्कार्फ बांधून गेले होते, ओळखीचं कोण बघेल म्हणून. वेटिंगमधे आमचेच दोन खातेदार बसलेले.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मराठीत सीबीटीबद्दल शोधलं की एकतर कॉलेजच्या नोट्स मिळतात नाहीतर "सकारात्मक विचार करा" असलं काहीतरी, आणि प्रत्यक्षात वही उघडून करायचं काय ते कुणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही. जे शिकले, केलं, चुकले ते सांगते.

आधी ही भानगड काय ते समजून घ्या

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. कॉग्निटिव्ह म्हणजे विचारांबद्दलचं, बिहेवियरल म्हणजे वागण्याबद्दलचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉ. आरोन बेक नावाचे सायकियाट्रिस्ट होते, ते शिकलेले फ्रॉइडच्या म्हणजे मनोविश्लेषणाच्या पठडीत. डिप्रेशनच्या पेशंटच्या स्वप्नांवर ते अभ्यास करत होते, आणि करता करता त्यांच्या लक्षात आलं की या लोकांच्या डोक्यात दिवसभर छोटी छोटी वाक्यं आपोआप येऊन जातात, मी नालायक आहे, जग असंच आहे, पुढं काही चांगलं होणार नाही, आणि पेशंटला ती वाक्यं आल्याचं कळतही नाही, कळतं ते फक्त त्यानंतर आलेलं वाईट वाटणं. त्या वाक्यांना त्यांनी ऑटोमॅटिक थॉट्स म्हटलं आणि उपचार तिथून सुरू केला. बेक २०२१ मधे वारले, वयाच्या १०० व्या वर्षी. त्यांच्याही थोडं आधी, १९५५ च्या सुमाराला, न्यूयॉर्कमधे अल्बर्ट एलिस साधारण याच दिशेनं निघाले होते, त्यांच्या पद्धतीला आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) म्हणतात. मराठीत तिला विवेकनिष्ठ असा शब्द रुळलाय, आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं, तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी, ती मराठी माणसांपर्यंत बरीच पोचवलीय.

मूळ मुद्दा एवढाच की घटना घडली आणि आपण घाबरलो, असं सरळ होत नाही. मधे एक विचार असतो. तो विचार भावना आणतो, भावना अंगात दिसते, मग आपण काहीतरी करतो (माझ्या बाबतीत परत मोजणं), आणि ते केल्यानं विचार आणखी पक्का होतो. चक्र आहे हे. आपल्याकडं म्हणतात ना, मन चिंती ते वैरी न चिंती. आजीला माहीत होतं, फक्त पुढं काय करायचं ते म्हणीत नाही.

आमच्या मॅडमनी (थेरपिस्टना मी मॅडमच म्हणते) माझं काम विचारून घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्याकडं व्हाउचर नसेल तर एंट्री टाकता का? मी म्हटलं छे, ऑडिटला कोण उत्तर देणार. मग म्हणाल्या, डोक्यात रोज किती एंट्र्या बिनव्हाउचरच्या पडतायत बघा. मला सीबीटी कळली ती तिथं.

पहिलं काम : वही, आणि 'वाटणं' सोडवणं

एक साधी वही घ्या, शंभर पानी. मोबाईलवर नको, मोबाईल उघडला की माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. जेव्हा जेव्हा मूड एकदम बदलेल तेव्हा, किंवा जमेल तेवढ्या लवकर, चार गोष्टी लिहायच्या. काय घडलं, काय भावना आली, अंगात काय झालं, आणि डोक्यात कुठलं वाक्य आलं.

काय घडलं ते सीसीटीव्हीला दिसेल तसं लिहायचं. "मॅनेजर माझ्यावर चिडले" असं नाही. कॅमेऱ्याला काय दिसलं? "मॅनेजर म्हणाले जरा आत या." बस.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो भावना आणि विचार वेगळे काढताना, आणि याला थोडी आपली मराठी जबाबदार आहे असं माझं मत. आपल्याकडं दोन्हीला 'वाटणं'च. मला भीती वाटते. मला वाटतं नोकरी जाणार. पहिली भावना आहे, दुसरा विचार, पण दोन्ही एकाच क्रियापदात गुंडाळलेलं असल्यामुळं नोकरी जाणार हेही खरंच वाटायला लागतं. यावर एक सोपी युक्ती आहे, भावना बहुतेक वेळा एका शब्दात मावते: भीती, राग, लाज, दुःख, अपराधी, मत्सर. "मला असं वाटतं की" नंतर आख्खं वाक्य आलं तर तो विचार, तो शेवटच्या रकान्यात टाका. मी पहिले दोन आठवडे भावनेच्या रकान्यात "मला वाटलं आता सगळे हसणार" असलंच लिहीत होते.

भावनेला शंभरपैकी मार्क द्यायचे. अंदाजे चालतील. भीती ८५, लाज ४०. हे वेड्यासारखं वाटतं पण नंतर हेच उपयोगी पडतं, कारण ८५ ची ५० झालेली माणसाला जाणवत नाही, वहीत दिसते.

आणि विचार सापडला की तिथं थांबायचं नाही. "मग काय होईल?" असं विचारत खाली उतरायचं. घोळ सापडला, मग? काढून टाकतील, मग? लोक म्हणतील बाईनं पैसे खाल्ले. हां, हा खरा. वरचे नुसते बॅनर असतात.

एक-दोन आठवडे फक्त एवढंच करा. लगेच विचार बदलायला जाऊ नका, नुसती कीर्द लिहा, खतावणी नंतर.

दुसरं : मनाच्या खोड्या ओळखा

आठ-दहा दिवसांची वही बघितली की त्याच त्या चुका परत परत दिसतात. पुस्तकांत यांच्या पंधरा-पंधराच्या याद्या असतात, पाठ करायची गरज नाही, आपल्या दोन-तीन कळल्या तरी पुष्कळ.

राईचा पर्वत सगळ्यांना माहीत आहे. दुसरी खोड मनकवडेपणाची, म्हणजे समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलंच. जाऊबाईंनी मेसेज बघून उत्तर दिलं नाही म्हणजे रागावल्या. (गॅस सिलेंडर आला होता त्यांचा.) तिसरी तांबडा रस्सा नाहीतर पांढरा, मधलं काही नाहीच, एकतर मी एक नंबर कॅशियर नाहीतर मी बिनकामाची. चौथी ज्योतिषाची, पुढं वाईटच होणार हे पक्कं माहीत. आणि पाचवी शिक्का मारायची: चूक झाली असं न म्हणता मी मूर्ख आहे असं म्हणणं.

पण मला सगळ्यात आवडलेली, म्हणजे सगळ्यात लागलेली, ती 'च' ची. माझी चूक व्हायलाच नको. सगळ्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे. घरात शांतताच पाहिजे. एलिस यांचा सगळा भर या हट्टावर होता, आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो. वहीतली वाक्यं लाल पेनानं वाचा आणि 'च' ला गोल करा. माझ्या पहिल्या पानावर एकवीस निघाले. मग ते वाक्य 'च' काढून परत लिहायचं, "चूक झाली नाही तर बरं", बघा किती वेगळं लागतं ते. इच्छा तशीच राहते, फाशीची शिक्षा जाते.

तिसरं : व्हाउचर तपासणी

आता खरं काम. एक एंट्री घ्यायची आणि तिच्या बाजूचे पुरावे, विरुद्धचे पुरावे असे दोन भाग करायचे, नावे आणि जमा असतं तसं. माझ्या वहीतलं एक पान देते तसंच्या तसं.

मंगळवार, संध्याकाळी ५.४०. मॅनेजर म्हणाले, "काम झालं की जरा आत या." भीती ८५. पोटात गोळा, तळहात ओले. विचार: कॅशमधे घोळ सापडलाय, मला काढणार. यावर विश्वास ९०.

बाजूनं: एकदा दोन हजार कमी आले होते. परवा एका खातेदारानं मी स्लो आहे अशी तक्रार केली.

विरुद्ध: ते दोन हजार दुसऱ्या दिवशी मिळाले आणि रजिस्टरला नोंद आहे. आजची टॅली ४.५० ला झाली, ऑफिसरची सही आहे. मॅनेजर रोज संध्याकाळी तीन-चार जणांना आत बोलावतात. स्लो असण्यावरून आमच्याकडं कुणाला काढल्याचं मी चौदा वर्षांत बघितलेलं नाही. आवाज चिडका नव्हता.

नवीन विचार: कशाला बोलावलंय ते मला माहीत नाही. चूक निघालीच तर कागद आहेत, खुलासा देता येतो. विश्वास ७०. भीती आता ४०.

आत गेले तर त्यांना माझ्या पुतणीच्या लग्नाचं मंगल कार्यालय कितीला मिळालं ते विचारायचं होतं.

यात दोन गोष्टी बघा. नवीन विचारात "सगळं छान होईल" असं कुठंही नाही. तसं लिहिलं तर मन ऐकत नाही, ते म्हणतं थापा मारू नकोस. दुसरी, भीती शून्य झाली नाही, चाळीसवर आली, आणि चाळीस भीती घेऊन केबिनमधे जाता येतं. पुराव्यात 'वाटतं' चालत नाही हेही लक्षात ठेवा, "मला आतून जाणवतंय" हे व्हाउचर नाही, त्यावर कुणाची सही नाही.

आणि कधी कधी पुरावे बाजूचेच जास्त निघतात. माझ्या मैत्रिणीला वाटायचं ऑफिसमधे तिला मुद्दाम बाजूला ठेवतायत, वहीत उतरवल्यावर दिसलं की खरंच ठेवतायत. मग विचार दुरुस्त करायचा नसतो, परिस्थितीचं काहीतरी करायचं असतं, लेखी द्या, बदली मागा, दुसरीकडं बघा. घरात मारहाण होत असेल तर "माझ्या विचारातच खोट आहे का" हा प्रश्नच चुकीचा. सीबीटीचा असा गैरवापर करणारे सल्लागार नातेवाइकांत भरपूर असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

चौथं : करून बघणं, याच्याशिवाय सगळं कोरडं

वही भरली, विचार पटले, तरी हात सहाव्यांदा बंडलाकडं जायचाच. मॅडम म्हणाल्या पटणं डोक्यात होतं, भरवसा करून बघितल्यावर येतो. मग प्रयोग ठरवला. एकदा हातानं, एकदा मशीनवर, सही, ड्रॉवर बंद. आधी भाकीत लिहायचं: "आठवड्यात एकदा तरी फरक येणार, खात्री ८०." पहिले तीन दिवस अक्षरशः हात मांडीखाली घालून बसले होते. आठवड्यात फरक शून्य. तिसऱ्या आठवड्यात मात्र दहा रुपये कमी आले, खरंच आले! भरले, नोंद केली, ऑफिसरनी वर बघितलंसुद्धा नाही. या दहा रुपयांचा मला त्या सगळ्या शून्यांपेक्षा जास्त उपयोग झाला, कारण चूक झाल्यावर काय होतं ते दिसलं.

महाद्वार रोडसाठी शिडी केली. सगळ्यात सोप्या पायरीपासून वर, प्रत्येकीला भीतीचे मार्क. सकाळी आठला, दुकानं उघडायच्या आत, नवऱ्याबरोबर: २०. दुपारी एकटीनं बिनखांबी गणपतीपर्यंत: ३५. संध्याकाळी एकटीनं, एका दुकानात जाऊन काहीतरी विकत घेऊन: ५५. रविवारी संध्याकाळी: ७०. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात: ९०. एक पायरी परत परत करायची, ती कंटाळवाणी झाली की वरची. आणि भीती चढल्याबरोबर पळायचं नाही, ती थोडी उतरेपर्यंत तिथंच. पळालं की मन नोंद करतं, पळाले म्हणून वाचले.

तेव्हा अंगात जे होतं तेही आधी समजून घ्या. ॲड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, आपण भराभरा श्वास घेतो, त्यामुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानंच मुंग्या येतात, गरगरतं. मग मन म्हणतं हार्ट अटॅक, त्यानं आणखी घाबरून आणखी भराभर श्वास. पॅनिकचा कळस बहुधा काही मिनिटांत येऊन ओसरायला लागतो. (छातीत दुखण्याची तपासणी एकदा डॉक्टरकडून करून घ्याच, घरी बसून पॅनिक ठरवू नका.)

इथं एक चोरवाट असते. मी जायचे, पण पर्समधे ओआरएस, हातात नवऱ्याचा नंबर लावून ठेवलेला फोन, आणि चालायचं दुकानांच्या कडेकडेनं, पडले तर धरायला. याला सेफ्टी बिहेवियर म्हणतात. या कुबड्या असतील तर मन श्रेय त्यांनाच देतं. एकेक करून सोडायच्या. ओआरएसचं पाकीट शेवटी जावेच्या पोराला जुलाब लागले तेव्हा संपलं.

सगळ्यात मोठी कुबडी म्हणजे नवरा. मॅडमनी त्यांना एका सेशनला बोलावून घेतलं. मी रोज विचारायचे, "अहो, टॅली झाली असेल ना?" आणि ते प्रेमानंच म्हणायचे, झाली असणार गं, नको काळजी करू. मला दहा मिनिटं बरं वाटायचं, मग परत. मॅडमनी त्यांना सांगितलं, उत्तर देऊ नका, फक्त म्हणा हा प्रश्न वहीतला आहे. पहिल्या दिवशी मी इतकी चिडले, म्हटलं मी माहेरी जातो (हो, आमच्याकडं बायकाही येतो-जातो म्हणतात). माहेर गंगावेशीत, दहा मिनिटांवर. गेले, चहा घेतला, परत आले, आणि त्या दहा मिनिटांच्या अंतरात भीती आपली आपण उतरलेली होती.

उदास असाल तर क्रम उलटा

वरचं सगळं मुख्यतः भीतीचं झालं. ज्यांचं मन बसलंय, काहीच करावंसं वाटत नाही, त्यांना विचार तपासायला लावणं म्हणजे ताप असलेल्याला कुस्ती लावण्यासारखं. तिथं आधी वागणं हलवतात. माझा मामेभाऊ, इंजिनिअरिंग झालेलं, स्पर्धा परीक्षेचे तीन अटेम्प्ट गेले, सकाळी अकरापर्यंत पांघरुणात. त्याचं म्हणणं मूड आला की करतो. डॉक्टरांनी त्याच्याकडून पीएचक्यू-९ हा डिप्रेशन मोजायचा फॉर्म भरून घेतला, नऊ प्रश्न असतात, २७ पैकी स्कोअर, त्यावरून आणि बोलून औषधही सुरू केलं. सोबत एक तक्ता: तासातासाचे रकाने, त्यात केलेली गोष्ट, आणि पुढं दोन आकडे, किती जमलं आणि किती बरं वाटलं, दहापैकी.

पहिल्या आठवड्याचं काम ऐकून मामी हसल्या होत्या. साडेआठला उठून चहा अंगणात घ्यायचा, संध्याकाळी रंकाळ्यावर दहा मिनिटं चालायचं. दहाच, जास्त नाही. जायच्या आधी बरं किती वाटेल त्याचा अंदाज लिहायचा. त्यानं लिहिलं १. परत येऊन लिहिलं ४. मला म्हणाला, "ताई, मूडबिड काय आला नाही, पण चार आले." तो चार महत्त्वाचा. मूडची वाट बघत बसलं तर तो येत नाही, आधी पाय हलतात मग मूड मागनं येतो. यात फक्त मोठी उडी मारू नका, उद्यापासून पाचला उठून पाच किलोमीटर असलं ठरवलं की तिसऱ्या दिवशी मोडतं आणि मी नालायकची पावती हातात.

काळजीसाठी सस्पेन्स खातं

जुलै लागला की आपल्याकडं निम्म्या गावाचं डोकं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर, म्हणजे तिथल्या पुराच्या पातळीवर असतं. ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे आकडे पोरांनासुद्धा पाठ. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला पाऊस वाजला की पोटात गोळा येतो, आणि त्यात खोटं काही नाही, दुधानं तोंड पोळलंय. पण दर दहा मिनिटांनी ग्रुपवर फूट बघितल्यानं पंचगंगा उतरत नाही.

काळजी दोन प्रकारची, एवढं आधी ठरवा. जिच्यावर आज काही करता येतं ती करून टाकायची: कागदपत्रांची फाइल वरच्या मजल्यावर, इन्व्हर्टरची बॅटरी उंचावर, औषधं पंधरा दिवसांची, कुणाकडं जायचं ते ठरवलेलं. उरलेली, जिच्यावर काहीच करता येत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकायची (ज्या रकमेचा हिशोब लगेच लागत नाही ती आम्ही तात्पुरती या खात्यात ठेवतो). म्हणजे रोज एक वेळ ठरवायची, माझी संध्याकाळी सहा ते सव्वासहा, आणि दिवसभरात काळजी आली की कागदावर एका ओळीत लिहून म्हणायचं, सहाला बघू. सहाला यादी घेऊन बसायचं आणि खरोखर काळजी करायची, टायमर लावून. गंमत अशी की निम्म्या ओळी तोपर्यंत शिळ्या झालेल्या असतात. झोपायच्या आधीची वेळ मात्र ठेवू नका. आणि रात्री जाग आली, वीसेक मिनिटांत झोप नाही आली, तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, झोप आली की परत. घड्याळ बघायचं नाही.

थेरपिस्ट कसा शोधायचा

सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, गोळ्या लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, त्यांची आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेकडं नोंदणी असते, बिनधास्त विचारा. कौन्सेलर ही पाटी कुणीही लावतो, त्यामुळं शिक्षण काय, सीबीटीचं ट्रेनिंग कुठं घेतलं हे फोनवरच विचारून घ्यायचं, यात अपमान काही नाही. खर्च झेपत नसेल तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

सीबीटी साधारण बारा ते सोळा सेशन चालते, कमी-जास्त होतं, आठवड्याला एक, पाऊण तास ते तास. सुरुवातीला आठवडा कसा गेला, मग आज काय घ्यायचं ते दोघांनी ठरवायचं, मागचा गृहपाठ, नवीन गृहपाठ. थेरपिस्ट नुसते ऐकून मान हलवत असतील, वहीच नसेल, गृहपाठच नसेल, तर ते चांगले असतीलही पण ती सीबीटी नव्हे. चार-पाच सेशननंतर काहीच हललं नसेल तर तोंडावर सांगा. मी चौथ्याला सांगितलं होतं की मला हे पोरखेळ वाटतंय. मॅडमना राग आला नाही, उलट तेच वहीत लिहायला लावलं.

घरच्या घरी वहीवर अवलंबून राहायचं नाही अशाही वेळा असतात. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, न दिसणारं दिसत असेल, आवाज ऐकू येत असतील, दोन-दोन दिवस झोपेची गरजच वाटत नसेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर आधी डॉक्टर, आजच, सोबत कुणाला तरी घेऊन. गोळ्या आणि सीबीटी एकत्र चालतात. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, मी एकदा केल्या आणि आठ दिवस गरगरत होते.

सेशन संपताना मॅडमनी एक पान लिहून घेतलं, ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. वर लिहिलंय "परत सुरू होतंय हे कसं ओळखायचं": तिसऱ्यांदा मोजावंसं वाटणं, अहोंना फोन, गर्दीतून कडेनं चालणं. खाली "तेव्हा काय करायचं": वही काढणे, प्रयोग परत लावणे, तीन आठवड्यांत न जमल्यास मॅडमना फोन. गेल्या पावसाळ्यात एकदा लागलं ते पान.

आणि या मार्चएंडला कॅश तीनशेनं जादा आली. जादा! याचं भाकीत माझ्या कुठल्याच पानावर नव्हतं. दोनदा मोजली, रजिस्टरला जादा म्हणून टाकली, ऑफिसरची सही घेतली, कुलूप लावलं. बाहेर आले तर पावणेआठ झालेले, कोपऱ्यावर वडा गरम होता, दोन बांधून घेतले.